गजराबाईंचे चाळीस सेकंद

आमच्या स्टुडिओत कुणाचाही आवाज घ्यायचा तर आधी पंखा बंद करावा लागे. मग खिडकीतून डोकं काढून खालच्या सायकलवाल्याला सांगावं लागे, "मामा, पाच मिनिटं हवा भरू नका." तो हात वर करी आणि आम्ही रेकॉर्डिंग सुरू करत असू. नांदेडच्या मोंढ्याच्या बाजूला, दुकानावरची दहा बाय बाराची खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, त्यावर जुन्या वाकळा टांगलेल्या. स्टुडिओ पाशाभाईंचा. मी तिथे आठ वर्षं रेकॉर्डिस्ट होतो.

रेकॉर्डिस्ट म्हणजे गाणं रचणारा नव्हे. जो आवाज येईल तो धरायचा, त्यातला कचरा काढायचा, आणि मग कुणाला पुढे आणायचं, कुणाला मागे ठेवायचं ते ठरवायचं. लोकांना हे बटणं दाबायचं काम वाटतं. हे निवडीचं काम आहे. कोण ऐकू येणार आणि कोण नाही, हे शेवटी रेकॉर्डिस्टच्या बोटावर असतं. त्या वयात मला याचा फार अभिमान होता.

आमच्याकडे सगळं व्हायचं. भीमगीतं, उरुसातल्या कव्वाल्या, रिक्षावर फिरणाऱ्या जाहिराती आणि निवडणूक आली की प्रचाराची गाणी. धर्माबादकडचा एक उमेदवार आला होता. त्याला गाण्यामागे जनसमुदायाचा जयघोष हवा होता आणि सोबत आणलेली माणसं चार. आम्ही त्या चौघांकडून तोच जयघोष पंचवीस वेळा करून घेतला, एकावर एक चढवला आणि सभा उभी केली. तो पडला. निकालानंतर आठवड्याने आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "सुगत, गाण्यात तर लई माणसं व्हती हो. कुठं गेली?"

अशा गोष्टी सांगून मी मित्रांना हसवायचो. पण ज्या कामाबद्दल लिहायला बसलो आहे त्यात हसण्यासारखं फार नाही. तो अल्बम आहे 'रेघ'. आठ गाणी, हेवी मेटल. मराठवाड्यात याआधी कुणी असलं काही केलं असेल तर मला माहीत नाही.

लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा. त्याच उन्हाळ्यात सीमेकडच्या एका तालुक्याचा जिल्हा व्हावा म्हणून जोरात आंदोलन चाललं होतं. मोर्चे, बंद, उपोषणं. त्या तालुक्याचं नाव मी लिहीत नाही. आंदोलनाचा पुढारी आमच्याच स्टुडिओत आला होता. सगळे त्याला भाऊ म्हणत. पांढरा सदरा, मऊ आवाज, आल्या आल्या पाशाभाईंच्या गुडघ्याला हात लावणारा माणूस. 'जिल्हा झालाच पाहिजे' हे त्याचं गाणं मीच रेकॉर्ड केलं. जिल्हा झाला की पाणी येईल, कचेऱ्या येतील, कॉलेज येईल, असं त्यात होतं. त्या तालुक्यात पाण्याचे जे टँकर फिरत होते त्यातले बरेच भाऊच्या चुलतभावाचे होते. ते गाण्यात नव्हतं.

हे मला पचलं नाही. मी कुठल्या घरात वाढलो ते सांगितल्याशिवाय हे कळणार नाही. पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आणि चळवळीचे पत्रककार. नामांतरापासूनची पत्रकं आमच्या घरात कोठीच्या डब्यांखाली अंथरलेली असत. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकलो. मी वाचलेला पहिला शब्द 'जाहीर' हा होता. पप्पांचा एक नियम होता: ज्या पत्रकाखाली नाव नाही ते उचलायचंसुद्धा नाही. "निनावी लिहिणारा माणूस उद्या म्हणतो, मी नव्हतोच," असं ते म्हणायचे. नाव आणि गाव, हे माझ्या डोक्यात पाढ्यासारखं बसलं होतं.

मग तुषार आला. लातूरचा पोरगा, इंजिनिअरिंग अर्धं सोडलेला, खांद्यावर गिटार. त्याला भाऊच्या गाण्याचा रेकॉर्डिस्ट हवा होता.

"ते गाणं तुम्ही केलं न्हवं?"

"हो."

"मग आता त्याच्या उलटं करा," तो म्हणाला. "शब्द तुम्हीच लिहा. म्या वरडतो."

मी शब्द लिहिले. पत्रकावर वाढलेल्या माणसाला गाणं लिहायला वेळ लागत नाही, फक्त 'बंधू-भगिनींनो' गाळावं लागतं. 'नकाशावर नवी रेघ, रेघेला तोटी नाही' असं पहिलं गाणं. चौथ्या गाण्यात तिसऱ्या कडव्यात मी भाऊचं पूर्ण नाव घातलं. आडनावासकट. ते मी पप्पांना मुद्दाम सांगितलं.

ज्यांनी मेटल ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गिटार एकदा वाजवून भागत नाही. तेच पुन्हा तसंच वाजवून एक डाव्या कानाला, एक उजव्या कानाला लावतात. त्यामुळे भिंत उभी राहिल्यासारखा आवाज होतो. ड्रमला मोठी खोली लागते. आमच्याकडे ती नव्हती. पण त्या उन्हाळ्यात मंगल कार्यालयं रिकामी होती. जेवणावळीला पाणी नाही म्हणून लग्नं दारातच दहा-वीस माणसांत उरकत होती. औशाकडच्या एका कार्यालयाच्या मालकाने चावी दिली. नवरदेव बसतो त्या स्टेजवर आम्ही ड्रम मांडले. वॉचमन दिवसभर दारात बसून होता. दुपारी म्हणाला, "लग्नात बी इतकं बडवत न्हाईत हो. कुनावर राग हाय एवढा?"

सगळ्यांनी सल्ला दिला, हलगी घाला, म्हणजे आपलं वाटेल. तुषार ऐकायला तयार नव्हता. "आपलं हायच की. ओळखपत्र कशाला दाखवायचं?" तो म्हणाला. मला ते फार पटलं.

आणि आवाज. मेटलमध्ये गातात त्याला गाणं म्हणणं अवघड आहे. छातीच्या तळातून हवा ढकलून गुरगुरतात. अक्षरं त्यात भरडली जातात. ऐकणाऱ्याला राग कळतो, वाक्य कळत नाही. चाहत्यांना त्याचं काही वाटत नाही, ते शब्द कागदावर वाचतात. मी सीडीच्या आत शब्दांची घडी घातली होती, बारीक टाइपात. पत्रकच ते.

चौथ्या गाण्याच्या सुरुवातीला आम्हाला टँकरचा आवाज हवा होता. डिझेल इंजिनाची घरघर, त्यातून गिटार उगवायची. त्यासाठी मी आणि तुषार सीमेकडच्या एका गावात गेलो. रेकॉर्डर, हेडफोन आणि माइकला वारा लागू नये म्हणून त्यावर चढवलेला लोकरीचा मोजा. टँकर विहिरीशी उभा होता, पाइप विहिरीत सोडलेला. मी इंजिनाजवळ माइक धरला. विहिरीवर बायांची एक रांग पाणी शेंदत होती; अलीकडे, वीसेक पावलांवर, दुसरी रांग होती. ती हलत नव्हती. त्या रांगेतल्या एका बाईने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "त्या गाडीचा काय आवाज घ्यायलाव? आमचा घ्या की."

ती गजराबाई. हे तिचं खरं नाव नाही. पन्नाशीची, शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी. आमच्याच समाजाची. तिला कळलं मी कोण ते, विचारावं लागलं नाही.

मी माइक तिच्याकडे वळवला. आणि सवयीने पहिला प्रश्न तोच विचारला. "मावशी, नाव-गाव सांगा."

तिने नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग म्हणाली, "टँकर आला की हिरीत सोडतेत. अगूदर त्येंच्या घागरी भरतेत. आम्ही हितं हुबं. आम्ही दोराला हात लावायचा न्हाई, त्ये वरून वततेत. ऊन उतरंस्तवर हुबं ऱ्हावं लागतंय. पानी सरकारचं हाय म्हनतेत. मग सरकार कुनाचं हाय?"

चाळीस सेकंद. न अडखळता, न रडता. मागे इंजिनाची घरघर. मी आठ वर्षांत यापेक्षा चांगलं काही रेकॉर्ड केलं नाही.

रेकॉर्डर बंद केला तेव्हा तिने पदर सारखा केला आणि विचारलं, "नाव न्हाई ना यायचं त्यात?"

"येऊ द्या की मावशी," मी म्हणालो. "आपण भ्यायचं कशाला?"

ती हसली. म्हणाली, "तुम्ही शिकलेले हाव. तुम्हाला कळतंय."

हे वाक्य मी संमती समजलो. आपल्याकडे एखाद्या बाईला शिकलेल्या माणसासमोर नाही म्हणायचं असतं तेव्हा ती कशी बोलते, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. माझी आई बँकेत, दवाखान्यात असंच बोलते.

तिचे चाळीस सेकंद मी चौथ्या गाण्याच्या सुरुवातीलाच लावले. मिक्सिंगच्या वेळी पाशाभाई मागे येऊन उभे राहिले. ते क्वचित मधे बोलायचे. कव्वालांच्या आणि बँडवाल्यांच्या आवाजात त्यांची उमर गेली होती. चौथं गाणं संपलं तेव्हा म्हणाले, "सुगत, औरत का आवाज रख. नाम कायकू रख रा?"

"नाव काढलं तर तो नुसता आवाज होतो, पाशाभाई. साक्ष होत नाही."

"साक्ष कोर्ट में देते, मियाँ. ये गाना है."

मी ऐकलं नाही. उलट तिच्या आवाजातली हवा काढून टाकली, अक्षर अन् अक्षर ठसठशीत केलं, इंजिन मागे नेलं. नाव आणि गाव तर असं लागलं की रस्त्यापलीकडे ऐकू यावं.

सीडीवर बँडची नावं घालायची वेळ आली. मेटलमध्ये टोपणनावं घ्यायची रीत आहे. तुषार झाला 'राख'. ड्रमर 'हातोडा'. मी गीतकार म्हणून 'काजळी'. तोंडाला काळं फासून फोटो काढले. तुषारचे वडील सरकारी नोकरीत होते, ड्रमर स्पर्धा परीक्षेला बसत होता, त्यामुळे ही रीत सगळ्यांना सोयीची पडली. मलाही पडली, भाऊ अजून आमचं गिऱ्हाईक होता. त्यात मला तेव्हा काहीही वावगं दिसलं नाही. हे लिहिताना मान खाली जाते.

कार्यक्रम नांदेडला एका हॉलमध्ये झाला. साठेक माणसं, त्यातली निम्मी नातेवाईक. पप्पा पहिल्या रांगेत कानात कापूस घालून शेवटपर्यंत बसले. चळवळीतले एक जुने काका बाहेर येऊन म्हणाले, "राग चांगला आहे पोरांचा. पण कशाचा आहे?" पुण्या-मुंबईच्या मेटलवाल्या पोरांनी मात्र इंटरनेटवर डोक्यावर घेतलं. दुष्काळी भागातला खरा आवाज वगैरे. मी ते वाचून दाखवत फिरलो.

मग कुणीतरी चौथ्या गाण्याचे पहिले चाळीस सेकंद कापले आणि फोनवर पाठवले. पुढचं पाठवण्यासारखं नव्हतंच. गिटार सुरू होते तिथे तुकडा संपत होता. तालुक्याभर तेवढंच फिरलं.

पंधरा दिवसांनी भाऊ स्टुडिओत आला. त्याला गाण्यात एक कडवं वाढवायचं होतं. मी माइक लावत होतो तेव्हा तो मऊपणे म्हणाला, "तुमच्या पोरांचं ऐकलं बरं का मी. सगळं ऐकलं, फोनवर, तासभर. काय वरडून राहिले, आपल्याला काय उमजलं न्हाई बुवा. बाई मातर लई स्पष्ट बोलली."

माझ्या हातातली वायर तशीच राहिली. त्याचं नाव त्या गाण्यात होतं, आडनावासकट, आणि ते त्याने ऐकलं होतं, आणि त्याला ते कळलं नव्हतं.

"आमच्या भागातलीच हाय ती," तो पुढे म्हणाला. "नाव सांगितलंय ना तिनं."

मी माइक लावला. त्याचं कडवं रेकॉर्ड केलं. तेवढंच केलं.

महिन्याभरात गजराबाईच्या मुलाचा फोन आला. सीडीच्या मागे स्टुडिओचा नंबर होता. मुलगा शांत होता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. म्हणाला, "सर, आईचं खिचडीचं काम गेलं. शाळेच्या कमिटीनं सांगितलं, थोडे दिवस ऱ्हाऊ द्या. टँकर आता गावाच्या पलीकडच्या हिरीवर रिता करायलेत. आमच्या गल्लीला दोन किलोमीटर पडतंय."

"आपण केस करू," मी म्हणालो. "तिच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. कायदा आहे. मी उद्याच पत्रक काढतो."

मग तो म्हणाला, "सर, हात जोडतो. आणखी कुठं नाव छापू नका." आणि मग, "गल्लीतल्या बाया बी आईलाच बोलायलेत. तुझ्या एका नावापायी आमच्या डोक्यावर घागरी आल्या म्हनतेत."

त्या संध्याकाळी मी पप्पांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, लढ्यात असं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला.

"आमच्या पत्रकाखाली आमची नावं असायची," ते म्हणाले. "ज्याच्यावर बेतलं त्याचं नाव आम्ही त्याला तीनदा विचारल्याशिवाय घालत नव्हतो. मार खायचा तर आम्ही खाऊ, असं होतं ते." मग सीडी हातात घेऊन त्यांनी उलटी-पालटी केली. "हा काजळी कोण?"

मी सांगितलं. पप्पांनी सीडी टेबलावर ठेवली आणि उठून आत गेले.

मी जे करता येईल ते केलं. गाण्यातून तिचं नाव-गाव कापलं. चार सेकंद. कापायला अर्धं मिनिट लागलं. इंटरनेटवर नवी फाइल चढवली. पण फोनांत फिरलेलं परत घेता येत नाही, आणि सीड्या वाटून झाल्या होत्या. शाळेच्या कमिटीकडे गेलो, तिथे मला चहा मिळाला. पंचायत समितीत गेलो, तिथे पाणीटंचाईचा तक्ता दाखवला, त्यात त्या गावाला टँकर सुरू असल्याची नोंद होती. ती खोटीही नव्हती. गजराबाईला भेटायला मात्र गेलो नाही. जाईन म्हणत राहिलो. पाऊस झाला, टँकर बंद झाले, आंदोलन थंडावलं, जिल्हा काही झाला नाही. तुषार हैदराबादला नोकरीला लागला. मी नाव घालून लिहिणं सोडलं नाही, पण आता नाव माझंच असतं.

दोन वर्षांनी लातूरला एका कामासाठी गेलो तेव्हा तिच्या मुलाला फोन केला. गाव सोडून ते लातुरात आले होते. तो म्हणाला, आई डाळ मिलवर असती, दुपारच्या सुट्टीत भेटंल.

मिलच्या मागच्या पत्र्याखाली सुट्टीतही आठ-दहा बाया सुपं पुढ्यात घेऊन तूर निवडत बसल्या होत्या. सगळ्यांच्या केसांवर डाळीची पिवळी पूड. तिने मला लगेच ओळखलं.

"या की," ती म्हणाली. "वाळलाव."

मी तयारी करून गेलो होतो. माफीची वाक्यं गाडीत पाठ केली होती. ती म्हणायला सुरुवात केली तर तिने हाताने थांबवलं. "ऱ्हाऊ द्या. झालं त्ये झालं. हितं बरं हाय, नळ हाय." मग विचारलं, "त्ये गानं हाय का तुमच्याकडं? मी पुरतं कधी ऐकलंच न्हाई. आमच्याकडं आलं त्ये माझंच बोललेलं."

मी फोनवर गाणं लावलं. नाव कापलेलं. तिचा आवाज आला, बाजूच्या बाया हसल्या, एकीने तिला कोपर मारलं. मग गिटार, ड्रम आणि तुषार. साडेसहा मिनिटांचं गाणं आहे. तिने ते पूर्ण ऐकलं, सुपातला हात तसाच ठेवून.

"ह्यो काय म्हनायलाय?"

"तुमचंच म्हणतोय, मावशी. टँकरचं, विहिरीचं. पुढाऱ्याला शिव्या आहेत."

"नाव घेतलंय त्येचं?"

"घेतलंय. तिसऱ्या कडव्यात."

"तेवढं लावा."

मी लावलं. तिने फोन कानाशी धरला. पुन्हा लावायला सांगितलं, मी पुन्हा लावलं. तिने मान हलवली.

"मला न्हाई उमगलं. त्येला उमगलं का?"

"नाही, मावशी."

तिने फोन माझ्या हातात दिला आणि सूप पुढे ओढलं.

"म्हंजी तुम्ही समदे मिळून वरडलाव," ती म्हणाली, "आन् बोल्ले मी एकलीच."

आत मिलची घंटा झाली. बाया उठल्या. तिने पदराने तोंडावरची पूड पुसली, मला म्हणाली, "कोपऱ्यावर चहा चांगला भेटतोय, पिऊन जावा," आणि त्यांच्या मागोमाग आत गेली.